ट्रेसर या शब्दाचा उगम आणि आमचा आड

माझ्या नेमणुकीच्या पत्रात पदाचं नाव ट्रेसर असं होतं. पुढे मराठीत अनुरेखक असंही लिहिलं होतं, पण ते वाचायला मला सवड नव्हती. नांदेडला मी मावशीकडे राहून ड्रॉइंगच्या परीक्षा दिल्या होत्या. तिच्या गल्लीत ते पत्र मी इतक्या जणांना दाखवलं की घडीवर कागद फाटला, आणि मावशीनं मागून पिठाची खळ लावून तो चिकटवला. "जरा दम खाऊ दे त्या कागदाला," ती म्हणाली, "नोकरीवर जायच्या आधीच झिजवून राहिलीस."

आमच्या घराण्यात इंग्रजी पद मिळालेली मी पहिली. वडील मी लहान असतानाच गेलेले, माय रोजानं जायची. तेव्हा ती बातमी गावाला सांगणं हे माझं कर्तव्यच होतं असं मी ठरवलं. नायलॉनची साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून (आत एक रुमाल आणि दोन निब, बाकी हवा) मी नांदेडहून लातूर, लातूरहून रेणापूर आणि तिथून दोन कोस पायी अशी गावाला गेले. टाचेची चप्पल पहिल्याच ओढ्यात तुटली. आमच्या बौद्धवाड्यात मी शिरले ती एक पाय उंच आणि एक पाय बुटका अशी.

आज्जा, म्हणजे माझ्या वडिलांचा चुलता, दारात बसला होता. त्यानं पत्र उलटं-सुलटं करून पाहिलं.

"काय म्हंत्यात तुला?"

"ट्रेसर."

"आन त्ये काय करतंय?"

"जुन्या नकाशावर पातळ कापड ठेवायचं. खालच्या रेघा दिसतात, त्या शाईनं वर काढायच्या."

"हाव. म्हंजी नक्कलनवीस."

"नक्कलनवीस नाही, आज्जा! ट्रेसर!"

"निजामात त्याला नक्कलनवीसच म्हनायचे. त्याला तर पगडी बी असायची. तुला हाय का?"

सगळा वाडा हसला. मायही हसली, पदर तोंडाला लावून. मला राग आला, तो आज्जाला कळला, आणि तो जास्तच रंगात आला. आमच्या गावाची मोजणी निजामाच्या काळात झाली तेव्हा मोजणीदाराच्या पुढं साखळी धरून हाच चालला होता. गावाची शीव कुठून कुठं जाते ते आमच्याच माणसांना ठाऊक असायचं. "म्या साखळी धरली तवा त्यानं रेघ वढली," तो म्हणाला. "आता त्याच रेघंवर तू रेघ वढतीस. लई मोठं काम हाय, पोरी. चा पी."

एवढ्यावर मी गप्प बसले असते तर शहाणी ठरले असते. पण मला आज्जाला हरवायचं होतं. पहिली नेमणूक नांदेडलाच होती, तिथं परतल्यावर रद्दीवाल्याकडून एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश घेतला. त्याची पुढची पानं गेलेली होती, पुस्तक थेट ‘डी’पासून सुरू व्हायचं, पण मला हवा तो ‘टी’ शाबूत होता. त्यात माझ्या पदाची अख्खी भावकी निघाली. ट्रेस म्हणजे उमटून राहिलेली खूण, पावलांचा माग. ट्रेसर म्हणजे माग काढणारा, हरवलेली माणसं आणि हरवलेली पार्सलं शोधून देणारा. बंदुकीच्या गोळीची एक जातही ट्रेसरच, जाताना मागं उजेडाची रेघ सोडणारी. घोडा गाडीला जुंपायचे पट्टे, तेही ट्रेस. आणि सगळ्यांच्या मुळाशी लॅटिनमधलं एक क्रियापद, अर्थ ओढणे. ते फ्रेंचांनी उचललं, फ्रेंचांकडून इंग्रजांनी, आणि इंग्रजांकडून आमच्या सरकारनं, वेतनश्रेणीसकट.

पुढच्या फेरीत मी हे सगळं चुलीपुढं बसून वाचून दाखवलं. गोळीवर आणि हरवलेल्या माणसांवर जरा जास्त जोर दिला. घोड्याचे पट्टे गाळले. माय भाकरी थापत ऐकत होती.

"मुळात काय म्हनलीस? वढणं?"

"हो, पण ते फार जुनं. लॅटिनमध्ये."

"मंग वढायचंच काम म्हन की. म्या बी दिसभर पानी वढते. त्यात एवढं पुस्तक कशाला लागतंय?"

शब्दकोश मी पर्समध्ये घातला. मावत नव्हता, तरी घातला.

कामाबद्दल थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. ट्रेसिंगचं कापड म्हणजे अगदी तलम सुती कापड, त्याला अशी खळ दिलेली असते की ते काचेसारखं आरपार दिसतं. ते जुन्या नकाशावर टाचण्यांनी ताणायचं, खडूची भुकटी चोळून तेलकटपणा घालवायचा, आणि मग श्वास धरून रेघ. त्याला पाण्याचं वावडं. घामाचा एक थेंब पडला तरी खळ सुटते आणि तिथं फोड येतो. म्हणून माझ्या टेबलाच्या आसपास कुणी पाण्याचा ग्लासही आणायचा नाही. आणि कामाचा एकच नियम: खाली असेल तेच वर. ट्रेसरनं आपल्या मनानं काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. खालच्या माणसाची चूक असेल तर तीही सुबक काढायची. कोपऱ्यात एक चौकट असते. त्यात आखणार, गिरवणार, तपासणार अशी तीन घरं. गिरवणाराच्या घरात माझी सही असायची. ती सही मी वहीची चार पानं भरून ठरवली होती, शेवटी एक शेपूट काढून. शेपूट कशासाठी, ते आज मलाही सांगता येत नाही.

मग लातूर उस्मानाबादेतून वेगळं निघालं. नवा जिल्हा, नव्या कचेऱ्या, खुर्च्यांचा वॉर्निश अजून हाताला चिकटायचा. माझी बदली लातूरला झाली. ज्या कचेरीत झाली तिचं नाव घेत नाही. तिथली चार माणसं अजून पेन्शन खाऊन राहिलीत, त्यातली एक मी. साहेब नवे, बाहेरून आलेले, त्यांना गावं ठाऊक नव्हती. त्यांना जिल्हा म्हणजे कपाटातले नकाशे. आणि कपाटातले नकाशे म्हणजे निजामाच्या वेळचे कागद, हात लावला की कडा झडायच्या. तेव्हा सगळे नव्यानं कापडावर काढायचे ठरले.

आमचे हेड ड्राफ्ट्समन औशाहून रोज एसटीनं यायचे. डबा, छत्री आणि भिंग असं त्यांचं सामान. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते, कारण पुढं तुम्हाला तसं वाटेल. एके दिवशी त्यांनी माझ्यापुढं एक कागद टाकला. "घ्या बाई, तुमच्या तिकडचं दिसतंय."

माझंच गाव होतं.

मी कापड ताणलं. शीव काढली, आज्जानं साखळी धरून चाललेली. ओढा काढला, माझी चप्पल खाल्लेला. गावठाण, मारुतीचं देऊळ, पश्चिमेला गावचा आड. त्याची खूण म्हणजे एक छोटं वर्तुळ. पूर्वेला आमचा वाडा. तिथं खालच्या कागदावर काहीच नव्हतं. पांढरी जागा.

आमच्या वाड्याला आड होता. आमच्या लोकांनी धम्म घेतला, त्यानंतर गावच्या आडावर घागर घेऊन उभं राहायचं नाही असं ठरलं, आणि दोन उन्हाळे खपून लोकांनी आपला आड खणला. माय तेव्हा नवी नवरी. मुरमाच्या टोपल्या तिनं डोक्यावरून काढल्या. त्या दिवसापासून ती गावच्या आडाकडं फिरकली नाही. पण तो आड खणला मोजणीनंतर कितीतरी वर्षांनी. कागदाला तो माहीतच नव्हता.

मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. मी हात उचलून क्षणभर थांबलेसुद्धा. आणि मग माझ्या मनात काय आलं ठाऊक आहे? आलं की बघा, माझं स्वतःचं गाव असून मी नियम मोडत नाही! तेव्हाच्या त्या पोरीचा, म्हणजे माझाच, कान आज हाती लागला तर मी असा पिळेन की शेपटीची सही विसरेल.

पण तिनं त्यापुढची कमाल केली. गावाचं नाव कुठं तरी मोठ्या अक्षरांत लिहावं लागतं, आणि त्याला मोकळी जागा लागते. एवढी ऐसपैस मोकळी जागा पूर्वेलाच होती. मी तिथं नाव लिहिलं. टाकाची तीन टोकं बदलली, अक्षराला खाली जाडी, वर बारीक कान. आमच्या घरावर पहिलं अक्षर, आज्जाच्या दारावर काना, आडावर शेवटचं अक्षर. हेड साहेबांनी भिंग लावून पाहिलं. म्हणाले, "अक्षर म्हणजे मोत्याचे दाणे, बाई." मी घरी जाताना पावशेर पेढे घेतले.

पुढं पाऊस रुसला. एक वर्ष कमी, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी. लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आमच्या कचेरीत पाण्याच्या माठाला कुलूप. टँकर सुरू झाले. नव्या साहेबांनी हुकूम काढला की नकाशावर ज्या सार्वजनिक विहिरी आहेत त्यांतच टँकर रिकामा करायचा, म्हणजे पाणी कुणाच्या खासगी हौदात जाणार नाही. हुकूम चांगलाच होता. विहिरींची यादी आमच्या नकाशांवरून झाली. ती उतरवायला आमच्याच टेबलाशी दोघे कारकून बसले होते, आणि त्यांना मी माझी अक्षरं कौतुकानं दाखवली होती.

एका दुपारी माय कचेरीत आली. लातूरला ती त्याआधी कधी एकटी आली नव्हती. ओठ फुटलेले, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ. मी घाईनं टेबलावरचं कापड झाकलं, तिच्या हातातल्या पाण्याच्या डब्याला भिऊन.

"आपला आड कोरडा पडला," ती म्हणाली. "टँकर येतंय, पर गावच्या आडात सोडतंय. डायवरला म्हनलं, बाबा, आमच्या आडात बी वत. त्यो म्हनला, यादीत न्हाई. तुमचा आड नकाशातच न्हाई."

मी तिला स्टूल पुढं केलं.

"नकाशा कोन काढतंय, म्हनलं. त्यो म्हनला, लातुरात काढत्यात. म्हनलं, मंग तर घरचंच हाय." ती हसली. "लेक हाय म्हनलं माझी तिथं. ट्रेसर."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. अगदी स्वच्छ उच्चारला होता, वाटेत घोकून आल्यासारखा.

"बाकीच्या बाया जायल्यात गावच्या आडावर. घागर खाली ठिवायची, लांब हुबं ऱ्हायाचं, वरून त्यांच्या सुना वततील तवा वततील. म्या न्हाई जायची. वढ्यात झिरा खनलाय, तांब्या तांब्या भरते. आठ दिस निघतील. तवर तू एवढा आपला आड घालून टाक."

"घालते," मी म्हणाले. असं म्हणाले जणू मीठच घालायचं होतं.

हेड साहेबांकडं गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला.

"बाई, आड आहे यात मला शंका नाही. पण खालच्या कागदात आहे का?"

"नाही."

"मग वर कसा येणार? अर्ज द्या. मोजणीचा हुकूम होईल, माणूस जाईल, नोंद घेईल, मग दुरुस्ती." मग त्यांनी कपाटातून ते कापड काढलं, भिंग लावलं, आणि खरोखर वाईट वाटून म्हणाले, "आणि जागा तरी कुठाय? तिथं तर तुम्हीच नाव लिहून ठेवलंय."

अर्ज दिला. तो कुठून कुठं गेला ते सांगत बसत नाही. माझ्या पदाचा अर्थ हरवलेल्या वस्तूंचा माग काढणारी असा असूनही मला तो अर्ज दोन टेबलांच्या पुढं सापडला नाही. आठ दिवस गेले, बारा गेले. तेराव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर लिंबाखाली गेले, तेव्हा मी कापड काढलं, ब्लेड घेतलं, आणि नावाचं शेवटचं अक्षर खरवडलं. माझं सगळ्यात सुंदर अक्षर. मग तिथं एक वर्तुळ काढलं, नियमाच्या मापाचं. आयुष्यात खाली नसलेली ती माझी एकच रेघ. खरवडलेल्या जागी टाक अडकला आणि वर्तुळ अंड्यासारखं आलं.

तपासणी कशी करतात ते मी विसरले होते असं नाही. मला वाटलं, एवढं कोण बघतंय. पण माझ्या अर्जामुळंच कुणीतरी वरून तो नकाशा मागवला. पाठवण्यापूर्वी हेड साहेबांनी नियमाप्रमाणं कापड मूळ कागदावर ठेवलं, आणि सगळ्या गावात एकच वर्तुळ खालच्या कुठल्याच रेघेवर बसेना.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही अजून कायम नाहीत. मी हे पाहिलं नाही. तुम्ही हे खोडा."

"साहेब, आड आहे तिथं."

"असेल हो. पण उद्या दुसरा कुणी आपल्या शेतात तलाव काढील. मग?"

 पगार माझा एकटीचा, त्यावर मी, माय आणि आज्जा. मी ब्लेड घेतलं. एकदा खरवडलेल्या जागी पुन्हा खरवडलं की कापड टिकत नाही. वर्तुळ गेलं आणि त्याच्याबरोबर कापडही. तिथं करंगळी जाईल एवढं भोक पडलं. ते कापड रद्द झालं. साहेबांनी नवं कापड दिलं, आणि मी माझं गाव पुन्हा पहिल्यापासून काढलं. आडाशिवाय. नाव तेवढं या वेळी उत्तरेला, शिवेबाहेर लिहिलं. पूर्वेची जागा कोरी सोडली. माझं सगळं बंड काय ते एवढंच. साहेब म्हणाले, "अक्षर पहिल्यासारखं नाही आलं."

रद्द झालेलं कापड आम्ही घरी न्यायचो. धुऊन खळ काढली की ते मऊसूत होतं. कुणी बाळाची झबली शिवायचं, कुणी रुमाल करायचं. त्या रविवारी मी ते पर्समध्ये घालून गावाला गेले. मायला तोंडानं सांगायचं काय, हे रेणापूरपर्यंत ठरलं नव्हतं.

सांगावं लागलं नाही. गावच्या आडापाशी टँकर नुकताच रिकामा होऊन गेला होता. आमच्या बाया एका कडेला उभ्या होत्या, पुढं जमिनीवर घागरींची ओळ. ओळीत शेवटून तिसरी माझी माय. ओढ्यातला झिरा आटला होता. माझ्याहून लहान असलेली कुणाची तरी सून वरून पाणी ओतत होती, निम्मं घागरीत, निम्मं मातीत. मायनं मला पाहिलं. नजर काढून घागरीकडं केली, जणू आमची ओळख नव्हती. मीही पुढं गेले नाही. टाचेची नवी चप्पल घातलेली होती मी.

घरी आल्यावर घागर तिनं खाली ठेवली. पाणी गढूळ, चहासारखं.

"काय आनलंस?" तिनं विचारलं. मी कापड दिलं. तिनं ते घागरीतल्याच तांब्याभर पाण्यात भिजवलं, चोळलं, खळ सोडवली. खळीबरोबर शाईच्या खपल्या निघाल्या, पण टाकाच्या रेघांचा डाग सुतात राहिला. तिनं दाराच्या उजेडात धरून पाहिलं.

"हे आपलं गाव व्हय?"

"हाव."

"तू काढलं?"

"मी."

"झाक काढलंय." मग बोटानं भोक चाचपलं. "हितं काय झालं?"

"ब्लेड लागलं."

तिनं कापड मांडीवर पसरलं. सुई घेतली, काळा दोरा ओवला आणि भोकावर रफू केलं. गढूळ पाणी त्यातून गाळायचं होतं, आणि भोक असलं तर गाळणं कशाचं. दोरा गोल गोल फिरवत तिनं मध्ये आणला आणि गाठ मारली. पूर्वेला, आमच्या वाड्यात, बरोबर जिथं हवा तिथं एक काळा ठिपका झाला, माझ्या वर्तुळापेक्षा गोल. तो काय आहे हे मी तिला सांगितलं नाही. ती गेली तोवर सांगितलं नाही. घागरीच्या तोंडावर तिनं ते कापड बांधलं आणि त्या उन्हाळ्याचं सगळं पाणी त्यातून गाळलं, गावच्या त्याच आडावरून आणलेलं.

आज्जा कोपऱ्यातून बघत होता. म्हणाला, "नक्कल बरी उतरली, पोरी." मला चिडवत नव्हता. चिडवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मोजणीचा माणूस आला, पण चार वर्षांनी. तोवर आमचा कोरडा आड बुजला होता. आधी पोरं दगड टाकायची, मग कुणी राख, मग ढासळलेल्या भिंतीची माती. त्यानं जागा पाहिली आणि प्रामाणिकपणे लिहिलं: आड आढळून आला नाही. तो कागद फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. म्हणजे नकाशा बरोबर निघाला. नकाशाच्या शेऱ्यात मला एक ओळ भरायची होती, ‘दुरुस्ती नाही’. मी टाक पुसला, भुकटी चोळली, श्वास धरला आणि लिहिलं.

तोवर मी नोकरीत कायम झाले होते. अक्षर सुंदर आलं.